‘ओन्ली’ : एका इंग्रजी क्रियाविशेषणाचे अर्थ आणि विनियोग

१. विषयाचे स्वरूप

इंग्रजीच्या अगदी प्रारंभिक पाठ्यपुस्तकांतच जे शब्द विद्यार्थ्याच्या ओळखीचे होतात, त्यांत ‘ओन्ली’ हे क्रियाविशेषण मोडते. ‘ओन्ली म्हणजे फक्त’ एवढे समीकरण एकदा पाठ झाले, की या शब्दाविषयी आणखी काही शिकावयाचे उरले आहे असे सहसा कोणास वाटत नाही. परंतु इंग्रजी मजकूर मराठीत आणण्याचा प्रसंग आला, म्हणजे या समीकरणाचा अपुरेपणा ध्यानात येतो. एका ‘ओन्ली’करिता मराठीत कोठे ‘फक्त’ किंवा ‘केवळ’ येते, कोठे ‘च’, कोठे ‘नुसता’, कोठे ‘पण’, कोठे ‘तेव्हा कुठे’. आणि कोठे कोणताही शब्द न योजता सबंध वाक्याचीच घडण बदलावी लागते.

हा केवळ पर्यायी शब्दांच्या विपुलतेचा प्रश्न नव्हे. ‘ओन्ली’ वाक्यातील एखाद्या पदाभोवती मर्यादेची रेषा आखते. ती रेषा नेमकी कोणत्या पदाभोवती आखली आहे, हे लिखित इंग्रजी वाक्य पुष्कळदा उघड सांगत नाही. मराठी वाक्याला मात्र ते बहुधा सांगावेच लागते. त्यामुळे या शब्दाचे भाषांतर करणारा शब्दाच्या जागी शब्द ठेवीत नसतो. तो एक निर्णय करीत असतो. हा निर्णय नियम, करार वा प्रवेशाच्या अटी यांच्या बाबतीत असेल, तर त्यावर कोणाचा तरी हक्क अवलंबून असतो.

२. व्युत्पत्ती आणि अर्थसंक्रमण

‘ओन्ली’चे मूळ प्राचीन इंग्रजीतील ‘आन्लिक’ या विशेषणात आहे. ‘आन’ म्हणजे एक, आणि ‘लिक’ म्हणजे ‘सारखा’ या अर्थाचा घटक. ‘एकमेव’, ‘अद्वितीय’ हा त्याचा आरंभीचा अर्थ. ‘ओन्ली चाइल्ड’ म्हणजे एकुलते एक मूल, या आजच्या प्रयोगात तो विशेषणार्थ टिकून आहे. ‘एक’ या अर्थाच्या ‘वन’ शब्दाच्या आरंभी पुढील काळात ‘व’कारसदृश ध्वनी आला, ‘ओन्ली’ आणि ‘अलोन’ या शब्दांत मात्र तो शिरला नाही. म्हणून एकाच मुळापासून निघालेले हे शब्द आज ऐकणाऱ्यास परस्परांचे आप्त वाटत नाहीत.

विशेषणापासून क्रियाविशेषणाकडे आणि तेथून उभयान्वयी अव्ययाकडे, असा या शब्दाचा पुढील प्रवास आहे. ‘आय वुड कम, ओन्ली आय हॅव नो टाइम’ या बोलीतील वाक्याचा अर्थ ‘मी आलो असतो, पण मला वेळ नाही’ असा होतो. येथे ‘फक्त’चा ‘पण’ झाला आहे. हे संक्रमण विलक्षण वाटले तरी एकाकी नाही. इंग्रजीतील ‘बट’ हा शब्द मूळचा ‘बाहेर’, ‘वगळून’ या अर्थाचा. त्याला ‘फक्त’ हा अर्थ आला (‘ही इज बट अ चाइल्ड’ म्हणजे ‘तो केवळ मूल आहे’) आणि ‘पण’ हाही आला. जर्मन भाषेतील ‘आलाइन’ या शब्दाचेही ‘एकटा’, ‘फक्त’ आणि ‘परंतु’ असे तिन्ही अर्थ आढळतात. इंग्रजीतील ‘बट’, ‘ओन्ली’ आणि ‘जस्ट’ या तीन मर्यादावाचकांचा १५०० ते १९०० या चार शतकांतील इतिहास टेर्ट्टू नेवालाइनेन यांनी १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला आहे.

मराठी वाचकास याची साक्ष दूर शोधावयास नको. संस्कृतातील ‘मात्र’ हा परिमाणवाचक शब्द. समासाच्या अंती तो ‘तेवढेच, अधिक नाही’ हा अर्थ देतो. ‘नाममात्र’, ‘क्षणमात्र’ या शब्दांत तो मराठीतही आला. परंतु ‘सगळे आले, तो मात्र आला नाही’ या वाक्यात ‘मात्र’ विरोध दाखवितो. सर्वसामान्य विधानातून एकास वेगळे काढावयाचे, म्हणजे त्याच्यापुरती रेषा आखावयाची. आणि रेषा आखली की तिच्या दोन बाजूंमधील विरोध आपोआप उभा राहतो. मर्यादेतून विरोध निघण्याची ही वाट अनेक भाषांनी स्वतंत्रपणे चोखाळली आहे.

‘फक्त’ हा अरबी ‘फकत’पासून आलेला शब्द. ‘एवढेच, येथे संपले’ हा त्याचा भाव उर्दू पत्रांच्या अखेरीस येणाऱ्या ‘फकत’मध्ये दिसतो. धनादेशावर वा पावतीवर अक्षरी रकमेपुढे ‘फक्त’ किंवा ‘मात्र’ लिहितात, ते इंग्रजी ‘ओन्ली’प्रमाणेच पुढे काही जोडले जाऊ नये म्हणून. येथे मर्यादेची रेषा अक्षरशः कागदावर ओढलेली असते.

३. प्रमुख अर्थ

‘ओन्ली’च्या विनियोगांचे स्थूलमानाने पुढील वर्ग पाडता येतात.

(अ) व्यावर्तक अर्थ. ‘ओन्ली द क्लार्क न्यू इट’ म्हणजे ‘ते कारकुनालाच ठाऊक होते’, अर्थात अन्य कोणास नव्हते. येथे तुल्य व्यक्तींचा एक समूह मनात असतो आणि त्यातील एक ठेवून बाकीच्यांची व्यावृत्ती केली जाते.

(आ) श्रेणीवाचक अर्थ. ‘ही इज ओन्ली अ क्लार्क’ या वाक्यात ‘तो कारकून आहे, आणखी काही नाही’ असे म्हटलेले दिसते; परंतु तो कोणाचा पिता, कोणाचा शेजारी वा उत्तम गायक नाही, असा त्याचा अर्थ कोणी करीत नाही. नाकारली जातात ती कारकुनाहून वरची पदे. म्हणजे येथील पर्याय एका पातळीवर पसरलेले नसून शिडीच्या पायऱ्यांप्रमाणे रचलेले आहेत. मराठीत याकरिता ‘तो साधा कारकून आहे’ किंवा ‘नुसता कारकून आहे’ असे म्हणतात. ‘तो कारकूनच आहे’ असे भाषांतर केल्यास ‘तो कारकून आहे यात शंका नाही’ असा वेगळाच अर्थ निघू शकतो, हे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

संख्येच्या बाबतीत हीच श्रेणी उघड दिसते. ‘दहाच विद्यार्थी आले’ आणि ‘तब्बल दहा विद्यार्थी आले’ या दोन्ही वाक्यांत हजेरीचा आकडा एकच आहे. वक्त्याची अपेक्षा मात्र पहिल्या वाक्यात दहाच्या वर आणि दुसऱ्यात दहाच्या खाली होती. इंग्रजीत पहिल्या वाक्यास ‘ओन्ली’ लागते.

(इ) कालवाचक अर्थ. ‘ही केम ओन्ली यस्टर्डे’ म्हणजे ‘तो कालच आला’, त्यापूर्वी नव्हे. ‘इट इज ओन्ली फाइव्ह’ म्हणजे ‘आत्ता कुठे पाच वाजले आहेत’, त्याहून उशीर झालेला नाही. मर्यादा एकदा मागील बाजूस पडते, एकदा पुढील बाजूस. ‘ओन्ली देन डिड ही अग्री’ या रचनेत क्रियाविशेषण वाक्याच्या आरंभी येते व साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या आधी जाते. मराठीत त्यास ‘तेव्हा कुठे तो तयार झाला’ हा अत्यंत नेमका प्रतिशब्द आहे. विलंब आणि प्रयास या दोहोंची छटा त्यात उतरते.

(ई) रूढ प्रयोग. ‘इफ ओन्ली’ने अपूर्ण इच्छा व्यक्त होते : ‘तो आज असता तर!’ ‘ओन्ली टू ग्लॅड’ यात मर्यादेचा लेशही नसून उलट अतिशयता आहे : ‘मला आनंदच होईल’. ‘ओन्ली टु फाइंड’ हा प्रयोग अपेक्षाभंग सांगतो : ‘तो धावत स्थानकावर गेला; पाहतो तो गाडी सुटलेली.’ या शेवटच्या ठिकाणी ‘फक्त’ योजणारा भाषांतरकार वाक्याचा जीवच घालवितो.

४. स्थानाचा प्रश्न

‘ओन्ली’ वाक्यात कोठे ठेवावे, हा इंग्रजी व्याकरणातील एक जुना वाद आहे. रॉबर्ट लाउथ यांनी १७६२ साली प्रसिद्ध केलेल्या व्याकरणात, क्रियाविशेषण ज्या पदाशी संबद्ध असेल त्याच्या निकट ठेवावे, असे सांगून बोलण्यातील ‘ओन्ली’ क्रियापदापूर्वी येण्याच्या प्रवृत्तीस दोष दिला. पुढील व्याकरणकारांनी हा दंडक उचलून धरला. एच. डब्ल्यू. फाउलर यांनी १९२६ सालच्या आपल्या प्रसिद्ध प्रयोगकोशात मात्र याची दुसरी बाजू मांडली. जेथे गैरसमजास वाव नाही, तेथे ‘ओन्ली’ आपल्या स्वाभाविक स्थानी, म्हणजे क्रियापदापाशी, राहू द्यावे. त्यास ओढून नेण्याचा आग्रह हा पांडित्याचा अतिरेक होय, असा त्यांचा अभिप्राय आहे.

वादाचे मूळ पुढील वाक्यावरून स्पष्ट होईल : ‘द क्लार्क ओन्ली सेंट द लेटर टू द रजिस्ट्रार’. याचे निदान तीन अर्थ संभवतात.

एक : कारकुनाने पत्र कुलसचिवांनाच पाठविले (अन्य कोणास नाही).
दोन : कारकुनाने कुलसचिवांना पत्रच पाठविले (सोबतची कागदपत्रे नाहीत).
तीन : कारकुनाने कुलसचिवांना पत्र नुसते पाठविले (त्याचा पाठपुरावा केला नाही).

इंग्रजी बोलणारा या तीन अर्थांत कधी घोटाळत नाही, कारण तो अनुक्रमे ‘रजिस्ट्रार’, ‘लेटर’ किंवा ‘सेंट’ या शब्दावर आघात देतो. ज्या पदावर असा भर पडतो, त्यास आधुनिक भाषाविज्ञानात ‘फोकस’ म्हणतात. भारतीय परंपरेतील ‘अवधारण’ या संज्ञेस अनुसरून त्यास ‘अवधारित पद’ म्हणता येईल. ‘ओन्ली’चा अर्थ अवधारित पदाशी जोडला जातो, ही गोष्ट रे जॅकेनडॉफ यांनी १९७२ साली सिद्धान्तरूपाने मांडली. मॅट्स रूथ यांनी १९८५ सालच्या आपल्या प्रबंधात तिला पर्यायांच्या कल्पनेची जोड दिली : अवधारित पद हे त्याच्या जागी येऊ शकणाऱ्या पर्यायांचा एक संच जागा करते, आणि ‘ओन्ली’ त्या संचातील उरलेले सर्व पर्याय नाकारते. ‘रजिस्ट्रार’वर भर असेल तर अन्य अधिकारी हे पर्याय, ‘लेटर’वर असेल तर अन्य कागदपत्रे, ‘सेंट’वर असेल तर अन्य क्रिया.

या दृष्टीने पाहता लाउथ आणि फाउलर यांच्यातील वाद हा भाषेच्या दोन रूपांमधील वाद ठरतो. उच्चारात आघात असतो, म्हणून स्थानाची चिंता नको. लेखनात आघात उमटत नाही, म्हणून स्थानाचा आग्रह. मराठीने या प्रश्नाची सोडवणूक वेगळ्या मार्गाने केली आहे. ‘च’ हे अव्यय पदास मागून चिकटते आणि विभक्तिप्रत्ययाच्याही नंतर येते : ‘कारकुनानेच’, ‘कुलसचिवांनाच’. त्यामुळे अवधारित पद लेखनातही प्रकट होते. ‘फक्त’ आणि ‘केवळ’ यांना हे सामर्थ्य पूर्णपणे नाही. ‘फक्त विद्यार्थी सात दिवस पुस्तके नेऊ शकतील’ हे वाक्य इंग्रजी वाक्याइतकेच संदिग्ध होऊ शकते. ‘केवळ विद्यार्थीच’ अशी दुहेरी योजना काही जण पुनरुक्ती मानतात. परंतु तिचा उपयोग आहे : ‘केवळ’ मर्यादेची सूचना देते आणि ‘च’ तिचे स्थान निश्चित करते.

५. विधानाचे दोन अंश

‘ओन्ली’ असलेले वाक्य एकाच वेळी दोन गोष्टी सांगते. ‘कारकुनानेच पत्र पाठविले’ यात ‘कारकुनाने पत्र पाठविले’ हा एक विधायक अंश आणि ‘अन्य कोणी पाठविले नाही’ हा निषेधक अंश. मध्ययुगीन यूरोपातील तर्कशास्त्रज्ञांनी लॅटिन ‘तान्तुम’ या शब्दाच्या विवेचनात अशा वाक्यांचे दोन वाक्यांत विवरण करण्याची पद्धत घालून दिली होती. लॉरेन्स हॉर्न यांनी १९६९ साली दाखविले, की हे दोन अंश समान दर्जाचे नाहीत. ‘कारकुनानेच पत्र पाठविले असे नाही’ असा निषेध केला, तरी कारकुनाने पत्र पाठविल्याची गोष्ट कायम राहते; उडून जातो तो निषेधक अंश. ‘कारकुनानेच पत्र पाठविले काय?’ या प्रश्नातही तीच स्थिती. म्हणून विधायक अंश हा वाक्याचे पूर्वगृहीत आणि निषेधक अंश हे त्याचे प्रतिपाद्य होय, असे हॉर्न यांचे म्हणणे. विधायक अंशाचे नेमके स्वरूप कोणते याविषयी पुढे पुष्कळ मतभेद झाले. परंतु दोन अंशांतील असमानता सर्वमान्य आहे.

या असमानतेचा परिणाम सर्वांत तीव्रपणे जाणवतो तो अटी सांगणाऱ्या वाक्यांत. पुढील दोन नियम पाहावेत.

‘उमेदवार परीक्षा उत्तीर्ण झाला असेल, तर त्यास प्रवेश मिळेल.’
‘उमेदवार परीक्षा उत्तीर्ण झाला असेल, तरच त्यास प्रवेश मिळेल.’

इंग्रजीत पहिल्या नियमात ‘इफ’ आणि दुसऱ्यात ‘ओन्ली इफ’ येईल. पहिला नियम वचन देतो : उत्तीर्ण झालेल्यास प्रवेश नाकारता येणार नाही. दुसरा नियम वचन देत नाही, तो अडसर घालतो : अनुत्तीर्णास प्रवेश नाही; उत्तीर्णास तो मिळेलच असे मात्र नाही, कारण जागा मर्यादित असू शकतात वा अन्य अटी असू शकतात. तर्कशास्त्राच्या परिभाषेत पहिली अट पर्याप्त आहे, दुसरी आवश्यक. उत्तीर्ण होऊनही बाहेर राहिलेला उमेदवार पहिल्या नियमाच्या आधारे दाद मागू शकेल. दुसऱ्या नियमात त्यास तसा आधार सापडणार नाही. एका ‘च’ने एवढे अंतर पडते. महाराष्ट्रात १९६४ च्या राजभाषा अधिनियमानंतर शासनव्यवहारातील इंग्रजी मजकूर मराठीत आणण्याचे काम मोठ्या प्रमाणावर होत आले आहे; त्या कामात हा ‘च’ गळणे किंवा अकारण लागणे ही शैलीची उणीव समजून सोडून देता येणार नाही.

६. ‘एव’, ‘च’ आणि भारतीय इंग्रजीतील ‘ओन्ली’

‘च’ हे ‘ओन्ली’चे अचूक स्थान दाखविते, यावरून ते दोन्ही समानार्थी आहेत असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. या ठिकाणी भारतीय तर्कपरंपरा उपयोगी पडते. सातव्या शतकातील बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी संस्कृत ‘एव’ या निपाताची तीन कार्ये सांगितली आहेत, आणि ‘एव’ कोणत्या पदास लागतो यावरून ती ओळखावयाची आहेत.

‘एव’ विशेष्यास लागला, तर ‘अन्ययोगव्यवच्छेद’ होतो, म्हणजे त्या गुणाचा इतरांशी असलेला संबंध तोडला जातो : पार्थच धनुर्धर आहे, त्याच्या तोडीचा दुसरा नाही. विशेषणास लागला, तर ‘अयोगव्यवच्छेद’, म्हणजे संबंध नसल्याची शंका दूर केली जाते : चैत्र धनुर्धर आहेच; इतर कोणी धनुर्धर नाही, असे येथे म्हणावयाचे नाही, आणि चैत्राच्या अंगी दुसरा गुण नाही, असेही नाही. क्रियापदास लागला, तर ‘अत्यन्तायोगव्यवच्छेद’, म्हणजे संबंध कधीच नसतो ही समजूत दूर केली जाते : कमळ निळेही असतेच.

मराठी ‘च’ने हा वारसा बव्हंशी राखला आहे. ‘मीच येणार’ यात इतरांची व्यावृत्ती आहे. ‘मी येणारच’ यात ती नाही, तेथे न येण्याची शंका फेटाळली आहे. ‘मी गेलोच नाही’ यात निषेधास बळकटी आहे. इंग्रजी ‘ओन्ली’ मुख्यतः यांपैकी पहिलेच कार्य करते. उरलेल्या कार्यांसाठी इंग्रजी ‘सर्टनली’, ‘इन्डीड’, ‘अ‍ॅट ऑल’ असे निरनिराळे शब्द योजते, किंवा नुसत्या आघातावर भागविते.

भारतीयांच्या इंग्रजीतील एका बहुचर्चित प्रयोगाचा उलगडा यातून होतो. ‘ही इज इन द हॉस्टेल ओन्ली’, ‘आय अ‍ॅम गोइंग टुमॉरो ओन्ली’ अशी वाक्ये सर्रास ऐकू येतात. वक्त्यास ‘तो वसतिगृहातच आहे’, ‘मी उद्याच जाणार आहे’ असे म्हणावयाचे असते. इतर ठिकाणे वा इतर दिवस नाकारण्याचा हेतू गौण असतो. सांगितलेल्या गोष्टीवर बोट ठेवण्याचा हेतू मुख्य असतो. ‘ओन्ली’ येथे ‘च’प्रमाणे पदाच्या मागे येते आणि ‘च’चेच दुसरे कार्य पार पाडते. ही केवळ मराठी भाषकांची लकब नव्हे. हिंदी ‘ही’सारखी अव्यये असलेल्या अन्य भारतीय भाषांच्या भाषकांतही ती आढळते. राकेश भट्ट यांनी २००० साली आणि क्लाउडिया लांगे यांनी २००७ साली या प्रयोगाचे विवेचन करून तो नियमबद्ध असल्याचे दाखविले आहे.

अशा वाक्यांवर उत्तरपत्रिकेत लाल रेघ ओढली जाते, परंतु चूक कशी झाली हे विद्यार्थ्यास बहुधा सांगितले जात नाही. ‘ओन्ली म्हणजे च’ हे ज्याने एकदा मानले, त्याच्या दृष्टीने ही वाक्ये तर्कसंगतच असतात. औपचारिक लेखनात ती टाळावीत, हे खरे. कारण अन्यदेशीय वाचक त्यांतून नको ती व्यावृत्ती काढील. पण ती अज्ञानाची खूण नव्हे, तर एका भाषेतील अवधारणाची व्यवस्था दुसऱ्या भाषेच्या शब्दांत उतरल्याची खूण आहे. हा भेद समजावून दिला असता विद्यार्थी चूकही टाळतो आणि स्वतःच्या भाषेतील ‘च’कडे प्रथमच अभ्यासकाच्या दृष्टीने पाहू लागतो.

७. निष्कर्ष

‘ओन्ली’ या शब्दाच्या अर्थांची यादी लांबविणे कठीण नाही; परंतु त्या यादीमागील सूत्र एकच आहे. वाक्यातील एक पद निवडावयाचे, त्याचे पर्याय मनासमोर आणावयाचे, आणि त्या पर्यायांना रेषेबाहेर ठेवावयाचे. पर्याय समपातळीवर असले की व्यावृत्ती, पायरीपायरीने रचलेले असले की श्रेणी, काळावर मांडलेले असले की ‘आत्ता कुठे’ वा ‘तेव्हा कुठे’, आणि दोन वाक्यांच्या मध्ये रेषा आली की विरोध. रूढ प्रयोगांत ही रेषा पुसट होते, म्हणून ते स्वतंत्रपणे शिकावे लागतात.

भाषांतर करणाऱ्याने व भाषांतर तपासणाऱ्याने इंग्रजी वाक्यात ‘ओन्ली’ दिसताच तीन प्रश्न विचारणे हितावह ठरेल : अवधारित पद कोणते? नाकारलेले पर्याय कोणते? आणि नाकारण्याबरोबर वाक्य काही देऊ करते, की केवळ अट घालते? या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर ‘फक्त’, ‘च’, ‘नुसता’ यांपैकी योग्य तो शब्द आपोआप सुचतो. ती मिळाली नाहीत, तर मूळ वाक्यच संदिग्ध आहे असे समजावे. अशा वेळी आपल्या मनाने ‘च’ लावून मोकळे होण्यापेक्षा ती संदिग्धता नियम करणाऱ्यांच्या निदर्शनास आणणे, हे भाषांतरकाराचे कर्तव्य ठरते.